ओटीच्या दारावरचा मणी

जलालमामूला हवा दिसते. आपल्याला पंखा दिसतो. मामूला पंख्यातून निघालेली हवा पुढे कुठे कुठे भटकते ते दिसतं. उन्हाळ्यात आमच्याकडे कूलर लागला की मामू दारात येऊन उभा राहतो, तोंड वाकडं करतो आणि अम्मीला, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीला म्हणतो, "फरहाना, मांगची खिडकी उघड ना वं. हवेले जायाले रस्ताच नाई, तं ते येईन कायले?" अम्मी कुरकुरत खिडकी उघडते. घर थंड होतं. मामू चहा न घेताच निघून जातो, कारण त्याचं काम झालेलं असतं.

आर्णीच्या एका जिनिंगमध्ये सत्तावीस वर्षं त्याने हेच केलं. गाडीतला कापूस सरकी काढणाऱ्या रेच्यांपर्यंत न्यायला तिथे माणूस आत शिरेल एवढी जाड लोखंडी नळी असते आणि तिच्या टोकाला एक दांडगा ओढणारा पंखा. पंखा ओढतो, कापूस नळीतून पळतो. मामू डोळे मिटून नळीचं ऐकायचा. 'सूंऽऽऽ' म्हणजे सगळं ठीक. 'सूं-भक्-सूं' म्हणजे ओला गठ्ठा अडकतोय. 'हूंऽऽ' असा घोगरा आवाज आला म्हणजे कुठेतरी भोक पडलं. तिथला एकच कायदा त्याच्या हाडात मुरला होता: काहीही होवो, ओढणारा पंखा थांबवायचा नाही. तो थांबला की नळी तुंबली, आणि नळी तुंबली की दिवस गेला.

मग कापसाचे वाईट दिवस आले. दर पडले, बोंडं किडली, वावरात पऱ्हाटीच्या जागी सोयाबीन दिसायला लागलं. दोन हजार सहाच्या दसऱ्याला जिनिंगमध्ये पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. पट्टे मात्र मशिनींवर चढले नाहीत. मामू महिनाभर रोज डबा घेऊन जात होता आणि बंद नळीला कान लावून परत येत होता. शेवटी गावातल्या ट्रस्टच्या दवाखान्याने त्याला ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या, हवेच्या मशिनीवर मिस्त्री म्हणून ठेवून घेतलं.

ओटीत मी कधी पाय ठेवलेला नाही. पण ओटीची आया नंदाबाई आमच्याच गल्लीत राहते, मामू रोज येतो, आणि ट्रस्टचे सचिव पूनमसिंग साहेब बोलतात तेव्हा ते भिंतीपलीकडूनही ऐकू येतं. ज्याने जे पाहिलं, ते त्याच्याच तोंडचं आहे.

दवाखान्याची हवेची मशीन छतावर. ती बाहेरची हवा घेते, तीन जाळ्यांतून गाळते, थंड करते आणि ओटीच्या छतातून टेबलावर सोडते. एक छोटा पंखा भिंतीच्या खालच्या अंगाने थोडी हवा बाहेर ओढतो. उरलेली दाराच्या फटीतून स्वतःच बाहेर पडते. डॉक्टर सुरभी मॅडम फार भराभर बोलतात, वाक्याचं शेपूट खातात. त्यांनी मामूला पहिल्याच दिवशी सांगितलं, "जलालभाई, एकच लक्षात ठेवा. हवा आतून बाहेर. कधीच बाहेरून आत नाही. बाहेरची धूळ, जंतू, सगळं फटीतून येऊन पोटात... समजलं ना?"

"समजलं मॅडम. घरात पाव्हना येऊ द्याचा नाई."

"पाहुणा नाही. चोर."

"चोर तं चोर."

अडचण होती विजेची. रोज बारा-बारा तास लाईन जायची. ओटी रिकामी असो की भरलेली, मशीन चोवीस तास पूर्ण जोरात चालायची आणि लाईन गेली की सगळा भार जनरेटरवर. तो बिचारा तीन तासांत तापायचा आणि 'घुर्र-घुर्र-खट्' करून बसायचा. त्यासोबत वॉर्डातले पंखेही बसायचे. मशीन बंद ठेवावी तर मॅडम म्हणायच्या, खोली पुन्हा साफ व्हायला तास जातो; अडलेल्या बाईला तासभर थांब म्हणू का?

नोव्हेंबर संपता संपता पूनमसिंग साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. ते छापील मराठी बोलतात आणि प्रत्येक वाक्य 'बघा, कसं आहे' पासून सुरू करतात.

"बघा, कसं आहे. जनरेटरला मर्यादा आहेत. एक जानेवारीपासून शस्त्रक्रियागृह लाईन असेल तेव्हाच सुरू राहील. इतर वेळी येणारा रुग्ण यवतमाळला पाठवण्यात येईल. सूचना टाइप झालेली आहे."

मॅडम म्हणाल्या, "चाळीस किलोमीटर! आणि तो रस्ता..."

"बघा, कसं आहे, रस्ता आपल्या अखत्यारीत नाही."

मामू मागे भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "साहेब, मले डिसेंबर द्या."

"म्हणजे?"

"एक महिना. मशीन जनरेटरवर बारा तास चालवून दाखवतो. नाई चालली तं लावा तुमचा कागद. माह्या हातानं डिंक लावून देतो."

मामूला हे इतकं का लागलं, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. चौदा वर्षांपूर्वी हा दवाखाना नव्हता. अम्मीला कळा सुरू झाल्या तेव्हा मामू तिला जीपमध्ये घालून यवतमाळला निघाला आणि मी अर्ध्या रस्त्यात, एका पऱ्हाटीच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जन्मले. अम्मी वाचली ती जीपच्या मागे एक सुईण बसली होती म्हणून. मामू ती गोष्ट हसत सांगतो: "नुजहतनं पहिला आवाज काढला तो जीपच्या हॉर्नसारखा!" पण सांगून झाली की माझ्या डोक्यावर हात ठेवतो.

मामूचं डोकं साधं चाललं. खोलीत माणूस कापलेला असतो तेव्हा पूर्ण हवा हवी. खोली रिकामी असते तेव्हा फक्त बाहेरचं आत येऊ नये एवढीच हवी. जिनिंगमधल्या अनुभवाने त्याला आणखी एक गोष्ट माहीत होती. पंख्याचा वेग अर्धा केला की वीज अर्धी लागत नाही, आठव्या हिश्श्यावर येते. तो बंद जिनिंगच्या मालकाकडे गेला आणि कापसाचा पट्टा हळू-जोरात चालवणारा ड्राइव्ह मागून आणला. लोखंडी डबा, वर धुळीचा थर, आत उंदराचं घर. दोन दिवस तो डबा आमच्या अंगणात पडून होता. अम्मी ओरडत होती आणि मामू ब्रश घेऊन त्याचे दात घासावेत तसा घासत होता.

मग मशिनीला कळणार कसं, की माणूस टेबलावर आहे? मामूने टेबलावरचा मोठा दिवा धरला. मोठा दिवा लागल्याशिवाय कोणी पोट उघडत नाही. दिवा लागला की ड्राइव्ह मोठा पंखा पूर्ण पळवणार. विझला की अर्ध्यावर आणणार. भिंतीतला छोटा ओढणारा पंखा होता तसा, चोवीस तास.

चार दिवस काय थाट होता! लाईन जायची, जनरेटर 'घुर्र' करून सुरू व्हायचा आणि तसाच गुरगुरत बसायचा. दोन ऑपरेशनंही झाली. पूनमसिंग साहेबसुद्धा म्हणाले, "बघा, कसं आहे, समाधानकारक आहे."

पाचव्या दिवशी सकाळी नंदाबाई ओटी पुसायला गेली आणि चिमटीत काहीतरी धरून बाहेर आली.

"जलालभाऊ, हे काय व्हय बाप्पा?"

मामूने पाहिलं. रुईचा पुंजका, करंगळीच्या नखाएवढा.

"कुठी सापडला?"

"आतमंदी. टेबलाच्या पायाजवळ. मी म्हनलं, रस्त्यानं कापसाच्या गाड्या जाऊन राह्यल्या, रुई उडते, बाहीर असन. पन हे तं आत हाय! आत कशी येईन?"

नंदाबाई ही गोष्ट सांगते तेव्हा इथे थांबते आणि मामूचा चेहरा करून दाखवते. तोंड उघडं, भुवया टोपीपर्यंत. मग मामूने तिच्या चिमटीतला पुंजका घेतला, ओटीच्या बंद दाराबाहेर उकिडवा बसला आणि पुंजका फटीसमोर धरून सोडला. पुंजका सर्रकन दाराखालून आत गेला.

बाहेरून आत. चोर आत.

त्याला तिथल्या तिथे उमगलं. रिकाम्या खोलीत मोठा पंखा अर्ध्यावर आला होता, पण भिंतीतला ओढणारा पूर्ण जोरात होता. ढकलणारी हवा कमी, ओढणारी जास्त. कमी पडलेली हवा खोली दाराच्या फटीतून बाहेरूनच पिऊन घेत होती. ऑपरेशनच्या वेळी मोठा पंखा पूर्ण चालायचा म्हणून तेव्हा हवा नीट बाहेर जायची. पण मधल्या वेळात सगळ्या रस्त्याची धूळ आत. आणि ओढणाऱ्याला हात लावायचा विचार सत्तावीस वर्षांत त्याच्या मनाला शिवला नव्हता.

तो पुंजका त्याने खिशात टाकला असता तर कोणाला कळलं नसतं. बाहेर स्ट्रेचरवर उकंडा नावाचा शेतमजूर हर्नियासाठी हिरवा झगा घालून तयार पडला होता. मामू मॅडमच्या खोलीत गेला.

"मॅडम, आज पोट उघडू नका."

"काय?"

"ओटी बाहेरची हवा वढून राह्यली. चूक माही हाय. जिनिंगसारखी मशीन लावली मी. तिथं वढाचं असते, इथं ढकलाचं."

मॅडमनी हातातला पेन टाकला आणि त्या उठल्या. मग म्हणाल्या, "आधीचे दोघं... आत्ता तपासते." दोघांचेही टाके कोरडे होते. पण ओटी बंद झाली. धुवायची, धुरी द्यायची, मग प्लेटा ठेवायच्या. प्लेटा म्हणजे काचेच्या झाकणाच्या बशा. त्या उघड्या ठेवून नंतर दोन दिवस उबेत ठेवल्या की हवेत जंतू असतील तर बशीत ठिपके उगवतात.

बाहेर उकंडा म्हणत होता, "मॅडम, रातपासून उपाशी ठेवलं, आन आता हवेसाठी वापस धाडता? हवा तं आमच्या वावरात बम हाय!"

पूनमसिंग साहेब आले. "बघा, कसं आहे. प्रयोग फसलेला आहे. सूचना लावण्यात येईल."

"एकतीस तारीख गेली काय साहेब?" मामूने विचारलं.

"नाही. आज नऊ आहे."

"मंग डिंक ठिवा खिशात."

पुढचे दोन दिवस मामूने काय केलं, तर काहीच नाही. छतावर बसून राहिला. उपाय त्याला पहिल्याच तासात सुचला होता: दिवा विझला की ओढणारा पंखाही बंद करायचा. रिकाम्या खोलीतून ओढायचंय काय? एक तार जोडायची फक्त. पण हात जाईना. अम्मीने जेवताना विचारलं तेव्हा म्हणाला, "फरहाना, स्वप्नात बी कोनी वढनारा पंखा बंद केला तं मी धावत जातो वं. अन तो मीच बंद करू?"

अम्मी म्हणाली, "नको करू मग. साहेबांच्या कागदाला डिंक लाव."

मामूने हातातली भाकरी खाली ठेवली, हात धुतला आणि सायकल काढली. तासाभरात तार जोडली गेली.

आता हवा कुठे चाललीय हे सगळ्यांना, सारखं, दिसायला हवं होतं. मामूने दाराच्या चौकटीला रुईचा झुपका लटकवला. मॅडमनी तो दोन बोटांनी उचलला.

"जलालभाई, ओटीच्या दारावर कापूस? उद्या कबुतर ठेवाल."

"कापसाइतकं हवेले कोनी वळखत नाई मॅडम."

"दुसरं काहीतरी. धुता येईल असं."

मग मामूने दाराशेजारच्या भिंतीला आरपार भोक पाडून काचेसारखी स्वच्छ प्लास्टिकची नळी बसवली, बाहेरच्या अंगाला जराशी चढती, दोन्ही टोकांना बारीक जाळी. नळीत थर्माकोलचा एक मणी. हवा आतून बाहेर ढकलत असेल तर मणी चढ चढून बाहेरच्या टोकाला बसतो. ढकलणं कमी पडलं की घसरून खाली. शिकलेल्याला कळतं, न शिकलेल्यालाही कळतं. नंदाबाईला तर इतकं कळलं की ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागली, "मणी पाह्यला काय? वर हाय. मंग जा."

प्लेटा आल्या. कोऱ्या. उकंडा परत आला आणि त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. जाताना मण्याला हात जोडून गेला.

तरी एक भूत उरलं. लाईन जायची वेळ बदलून संध्याकाळवर आली आणि रोज सहाच्या सुमारास, ऑपरेशन नसताना, जनरेटर 'घुर्र-घुर्र-खट्' करायचा. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. मामूने ड्राइव्ह उघडला, बंद केला, उंदीर शोधला. चौथ्या संध्याकाळी तो ओटीबाहेर स्टूल टाकून बसला. सहाला नंदाबाई आली, चपला काढल्या, आत गेली आणि टेबलावरचा मोठा दिवा लावला. छतावरची मशीन जोरात 'सूंऽऽऽ' करून पळायला लागली. नंदाबाईने डोळे मिटून हात जोडले. वॉर्डातले दिवे, पंखे, पाण्याची मोटार आणि पूर्ण जोरातली मशीन एकदम, जनरेटर खट्.

"नंदाबाई! हे काय चाललं?"

"दिवेलागन झाली ना भाऊ."

"मंग?"

"मंग काय? जिथं लेकरं जन्माले येते ते जागा दिवेलागनीले अंधारी ठिवू? बारा वर्सं झाले, मी रोज लावतो. अर्धा घंटा. तुमची मशीन काल आली."

साहेब असते तर सूचना टाइप झाली असती. मामूने डोकं खाजवलं. दुसऱ्या दिवशी त्याने दाराशेजारी, मण्याच्या वर, एक लाल झिरोचा बल्ब बसवला आणि त्याचं बटन नंदाबाईच्या हाताच्या उंचीवर लावलं.

"हा तुमचा. मोठा दिवा डॉक्टरचा."

नंदाबाईने बल्ब लावून पाहिला. लाल उजेड मण्यावर पडला. "चालते," ती म्हणाली. "उलटं हे बरं. आता देवाले मणी बी दिसते." त्या दिवसापासून जनरेटर बारा-बारा तास न बसता चालायला लागला.

एकोणतीस डिसेंबरला दुपारी चारला, लाईन गेलेली असताना, एक जीप फाटकातून आत आली. एका तांड्यावरची सून, सकाळपासून अडलेली, सोबत सासू. मॅडमनी हात लावून पाहिला आणि चालता चालताच म्हणाल्या, "सिझर. आत्ता. जलालभाई, हवा?"

मामूने नळीकडे पाहिलं. "मणी वर हाय. तुमी चला."

ओटी सकाळपासून अर्ध्या हवेवर तयार बसलेली होती. तासभर थांबायची गरजच नव्हती. मामूने पाण्याची मोटार बंद केली, एक्स-रेवाल्याला हात करून थांबवलं. आत मोठा दिवा लागला. 'सूंऽऽऽ'. जनरेटर खोल गेला, 'घुर्रर्रर्र', बुडतो की काय असं वाटलं, आणि सावरला. मणी नळीच्या टोकाला थरथरत चिकटून राहिला.

आवाज ऐकून पूनमसिंग साहेब आले. सासू भिंतीला धरून उभी होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि छापील मराठी कुठल्या कुठे गेली. "याडी, बेस," ते बंजाऱ्यांच्या गोरबोलीत म्हणाले, म्हणजे 'आई, बस'. स्वतः स्टूल ओढून दिलं. मग मामूशेजारी उभे राहून तेही मण्याकडे बघायला लागले.

पंधरा मिनिटं. वीस मिनिटं. साहेबांनी घसा खाकरला. "बघा, कसं आहे..."

"पाहूनच राह्यलो साहेब. बोलू नका."

साहेब बोलले नाहीत. नंदाबाई शपथेवर सांगते, तिच्या आठवणीतलं ते साहेबांचं एकमेव अर्धं वाक्य.

मग आतून आवाज आला. मामू म्हणतो की तो अगदी जीपच्या हॉर्नसारखा होता. पण सगळ्या बाळांबद्दल तो तेच म्हणतो. मॅडमनी आतूनच ओरडून सांगितलं. "मुलगी. दोघी छान. जलालभाई, हवा अजून पाऊण तास..."

"रातभर घ्या मॅडम."

सासू उठली ती थेट मामूच्या पाया पडायला. मामू दोन पावलं मागे सरला. "मले नका पडू माय, मी कायी नाई केलं. मी तं उलट पंखा बंद केला."

एक जानेवारीला सकाळी पूनमसिंग साहेब टाइप केलेला कागद आणि डिंकाची बाटली घेऊन ओटीसमोर उभे होते. नंदाबाई फरशी पुसत होती. ती उठली नाही.

"साहेब, तिथी कागद नका लावू. मणी झाकला जाईन."

साहेबांनी मण्याकडे पाहिलं. लाईन गेलेली होती, जनरेटर सुरू होता, मणी वर होता. त्यांनी कागदाची घडी घातली, उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर उभ्या उभ्या पेनाने लिहिलं. मग मामूला हाक मारली आणि डिंकाची बाटली त्याच्या हातात दिली.

"तुम्ही शब्द दिला होता ना? तुमच्याच हाताने लावा."

मामूने डिंक लावला आणि कागद नळीच्या खाली, मणी झाकणार नाही असा, चिकटवला. त्यावर लिहिलं होतं: 'मणी खाली दिसल्यास कोणीही, कोणत्याही वेळी, जलालभाईंना बोलवावे.'

मामूने तो दोनदा वाचला.

"साहेब, हे 'कोणत्याही वेळी' जरा..."

"बघा, कसं आहे," साहेब म्हणाले, "ओटी आता चोवीस तास सुरू आहे."